एकेचाळीस उल्लेख

शून्य पूर्णांक पस्तीस. यादीच्या चौथ्या पानावर, वरून सहाव्या ओळीत हा आकडा होता आणि मी तो वाचला तेव्हा कागद अजून ऊबदार होता, प्रिंटरमधून नुकताच बाहेर पडलेला. आमच्या यादीत नावं नसतात. उमेदवार क्रमांक एकशे अठरा, वय बासष्ट, मागणी निवृत्तीनंतर दोन वर्षांच्या मुदतवाढीची, कारण 'जुन्या कापडाच्या तुकड्यांची सूची, अपूर्ण'. असली सूची तीस-बत्तीस वर्षं अपूर्ण ठेवू शकणारी एकच बाई मला ठाऊक आहे आणि ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. मी पान उलटलं. पुढच्या पानावरचे आकडे सवयीने तपासले, एक ओळ दोनदा आली होती ती लाल पेनने खोडली, आणि मग परत चौथ्या पानावर आलो. आकडा तिथेच होता. आकडे आपली जागा सोडून कुठे जात नाहीत, हेच मला त्यांच्यात आवडत आलं आहे. त्या दिवशी मात्र हा एक आकडा गेला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

संशोधकांनी किती लेख लिहिले आणि त्या लेखांची इतरांनी किती ठिकाणी दखल घेतली हे मोजणं, हा विद्यापीठातला माझा धंदा. आम्ही त्याला सायटेशन किंवा उल्लेख म्हणतो, ताई त्याला नाव घेणं म्हणते. नुसते उल्लेख मोजायला कोणीही शिकेल. गोम पुढेच आहे. रसायनवाले एकमेकांचे उल्लेख शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागावी इतक्या सहज करतात, इतिहासवाले एका उल्लेखासाठी चार वेळा विचार करतात, आणि तत्त्वज्ञानवाले शक्यतो मेलेल्यांचेच करतात. सगळ्यांना एका फूटपट्टीने मोजलं तर सगळे घोडे बारा टक्के. म्हणून प्रत्येकाच्या उल्लेखांना त्याच्या विषयाच्या जागतिक सरासरीने भागायचं. उत्तर एक आलं की माणूस जगाच्या सरासरीइतका, दोन आलं की दुप्पट, आणि एकाच्या खाली आलं की मुदतवाढ नाही. आवळ्या-भोपळ्याची मोट बांधायचीच असेल तर आवळ्याला आधी आवळ्यांच्या रांगेत उभं करा, असं मी नव्या लोकांना शिकवतो. या भागाकाराचा मला अभिमान आहे. ऑफिसात मला मागून दशांश म्हणतात आणि समोरून सर, आणि खरं सांगायचं तर मागचं नाव मला जास्त आवडतं.

तिने अर्ज केल्याचं मला सांगितलं नव्हतं, हे आधी लागलं. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जातो, भावोजींबरोबर कोडं सोडवतो, आणि तिने एका शब्दानेही विषय काढला नव्हता. तिचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे ऑफिसात कोणाला आमचं नातं माहीत नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली आहे, उन्हाने कापड विटू नये म्हणून कायम पडदा ओढलेली. आत अकराशे तुकडे. काही तळहाताएवढे, काही नखाएवढे, प्रत्येक तुकडा पातळ कागदात, प्रत्येकाचं एक कार्ड. आठशे दहा कार्डं लिहून झाली आहेत. उरलेले दोनशे नव्वद तुकडे कुठल्या पेटीतून आले, कुठला कुठल्याचा सोबती आहे, ते तिच्या डोक्यात आहे आणि बाकी कुठेही नाही. मुदतवाढ नाकारली तर महिन्याभरात खोली दुसऱ्या विभागाकडे जाईल, खोकी तळघरात, आणि मग त्या दोनशे नव्वदांच्या चिंध्या व्हायला वेळ लागणार नाही. यातलं सगळं मला कित्येक वर्षं माहीत होतं, पण ते शून्य पूर्णांक पस्तीसच्या शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं.

परत बसलो आणि आकडा उलगडायला घेतला. नऊ लेख, त्रेसष्ट उल्लेख, लेखाला सरासरी सात. सात काही वाईट नाही. मग खाली भागलं कशाने? वीसने. वीस ही वस्त्र-अभियांत्रिकीची सरासरी, म्हणजे माग, सूतगिरण्या, कृत्रिम धागे वगैरेंची. ताईने आयुष्यात कुठल्या यंत्राला हात लावला असेल तर तो शिलाई मशीनला. पण तिचे नऊच्या नऊ लेख विणकाम-तंत्रज्ञांच्या एका जर्नलमध्ये आले होते, ज्याची शेवटची दहा पानं जुन्या कापडासाठी राखून ठेवलेली असतात. तिथे का, तर तिथे छायाचित्रं मोठी छापतात, धागा न् धागा दिसतो. आणि आमचा नियम असा, की जर्नलचा जो विषय तोच लेखाचा विषय. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी मला दाढदुखी होती, समितीला नियम संध्याकाळपर्यंत हवा होता, आणि मी तो वाक्य न् वाक्य स्वतःच्या हाताने लिहिला होता. आवळ्यांच्या रांगेची भाषणं करणारा मी, आणि माझ्या बहिणीला मीच भोपळ्यांत उभं केलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इतिहासाची सरासरी पाच. साताला पाचाने भागून पाहिलं. एक पूर्णांक चाळीस. मी चहा मागवला.

दुरुस्तीला पुरावा लागतो. लेखाचे उल्लेख कोणत्या विषयाच्या लोकांनी केले याची यादी जोडावी लागते, म्हणून मी ते त्रेसष्ट उल्लेख एकेक करून उघडले. इथे एक कबुली देतो. एकतीस वर्षं मी उल्लेख मोजतो आहे, लाखांनी मोजले असतील, पण त्यात काय लिहिलेलं असतं ते वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शिधा मोजून देणाऱ्याला स्वयंपाक यावा लागत नाही. पहिला उल्लेख वाचला: 'भिंगाची चौकट न तपासता मोजणी केल्यास काय होते, याचे हे परिचित उदाहरण.' दुसरा: 'ही चूक टाळावी.' तिसरा एका पाठ्यपुस्तकातला, त्यात तिच्या लेखातला तक्ताच छापला होता आणि खाली प्रश्न होता, या तक्त्यात काय चुकले आहे ते विद्यार्थ्यांनी शोधावे. मी कागदावर उभ्या रेघा ओढत गेलो. त्रेसष्टांपैकी एकेचाळीस उल्लेख तिच्या एकाच लेखाचे होते, तिच्या दुसऱ्या लेखाचे, आणि एकेचाळीसही जणांनी तो चुकला आहे एवढंच सांगायला त्याचं नाव घेतलं होतं. नाव घेणं आणि नावं ठेवणं यातला फरक माझ्या यंत्राला कळत नाही. तो त्याला शिकवावा असं मलाही कधी सुचलं नव्हतं.

मग मी तो लेख उघडला. साठ तुकड्यांचे धागे मोजलेले. त्यांतल्या अठ्ठेचाळीस तुकड्यांत सेंटिमीटरला चौदा-पंधरा धागे, आणि खालच्या खणातल्या बारा तुकड्यांत अठरा-एकोणीस. त्यावरून ताईचं म्हणणं, की हे बारा तुकडे दुसऱ्याच मागावरचे, दुसऱ्या अधिक कसबी हातांचे, म्हणजे त्या काळी तिथे विणकरांचं आणखी एक घराणं असलं पाहिजे. तक्ता पाहत असताना माझ्या उजव्या डोळ्याभोवती एक गार कडी बसल्यासारखं झालं आणि ती कडी कसली ते डोक्याआधी डोळ्याला आठवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. संख्याशास्त्राची पदवी घेऊन घरात बसलेला, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना लाल खुणा करणारा. तुला मोजायला आवडतं ना, मग ये, असं म्हणून ताईने मला तिच्या खोलीत बसवलं होतं. सूत मोजायचं घडीचं पितळी भिंग, खाली चौकोनी खिडकी, खिडकीतून दिसणारे उभे धागे सुईच्या टोकाने एकेक करून मोजायचे. खिडकी दोन सेंटिमीटरची, म्हणून आलेल्या आकड्याचं निम्मं करायचं. तीन आठवडे मी तेच केलं आणि इतकं सुख मला नंतर कुठल्या कामात लागलं नाही. सगळी खोली बाहेर राहायची, आत फक्त धागे. शेवटच्या दोन दिवसांत भिंगाची बिजागरी सैल झाली. मी खणातून दुसरं घेतलं. तसंच पितळी, तसंच दिसणारं. ताई तेव्हा बाहेरगावी होती. त्या दुसऱ्या भिंगाची खिडकी एक इंचाची होती, म्हणजे सव्वापटीहून थोडी मोठी. चौदाचे अठरा होतात. एक अख्खं घराणं मी एका इंचातून जन्माला घातलं होतं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. एकेचाळीस वजा केले तर बावीस उरत होते, नऊ लेखांना अडीचही नाहीत. भागिले पाच, शून्य पूर्णांक एकोणपन्नास.

चार वाजता मी समोरच्या इमारतीत गेलो. ताई खिडकीकडे पाठ करून बसली होती, चष्मा कपाळावर, समोर पांढऱ्या कागदावर तपकिरी रंगाचा एक तुकडा. खोलीत डांबरगोळ्यांचा वास होता. "आज इकडे कसा? दांडी मारलीस?" ती म्हणाली.

"तू अर्ज केलास. मला बोलली नाहीस."

"तुला बोलून काय करू, वशिला लावू? तू सख्ख्या आईलाही दशांशात मोजशील." तिने तुकड्यावर कागद पांघरला. "किती आलं?"

मी सांगितलं. मग रांगा सांगितल्या, सरासऱ्या सांगितल्या, जर्नलचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, मध्येच हसली. "म्हणजे मी यंत्रवाल्यांच्या रांगेत उभी होते इतकी वर्षं. आणि रांग लावली कोणी?"

"मी."

"शाब्बास." तिने चष्मा खाली ओढला. "आता दुसऱ्या रांगेत लाव म्हणजे झालं. तोंड असं का केलंयस?"

"ताई, मी दुसऱ्या मागाचा लेख वाचला."

तिचा हात कागदावर तसाच राहिला. "कधी?"

"आज सकाळी."

"एकतीस वर्षांनी. चला, एक वाचक वाढला."

"भिंग मी बदललं होतं. बिजागरी सैल झाली होती म्हणून. दुसरं इंचाचं होतं, मी पाहिलंच नाही."

"माहितीये मला," ती म्हणाली. लेख छापून आल्यावर आठ महिन्यांनी तिला एका विणकर बाईचं पत्र आलं होतं, की चित्रात मोजले तर धागे इतके भरत नाहीत. तिने बाराही तुकडे पुन्हा मोजले. मग माझी वही काढली. सोळाव्या पानापर्यंत मी प्रत्येक आकड्यावर बारीक अक्षरात भिंगाचा क्रमांक घालत होतो, सतराव्या पानापासून घालायचं सोडलं होतं. कंटाळलो असेन. ती हे सगळं अशा सुरात सांगत होती की जणू एखाद्या तुकड्याचं कार्ड वाचून दाखवते आहे, आणि मी खुर्चीच्या दांडीवरचा निघालेला रंग नखाने आणखी काढत होतो.

"नंतर जर्नलमध्ये छापलेल्या दुरुस्तीत तू 'चूक माझ्या हातून' असं लिहिलंस."

"लेखाखाली नाव माझं होतं. दुसऱ्याने मोजलेलं मी न तपासता घेतलं, ती चूक माझीच."

"त्या वर्षी तुझं प्राध्यापकपद हुकलं."

"हुकलं."

"त्यामुळेच?"

"त्यामुळेच. मुलाखतीत दुसरं काही विचारलंच नाही त्यांनी." तिने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "वाईट वाटलं रे. खूप वाटलं. दोन वर्षं तुझ्याशी मी धड बोलले नाही, तुला ते कळलंसुद्धा नाही. तू आईला सांगत होतास, ताईला सासरी त्रास दिसतोय."

मला ते आठवलं. मी भावोजींशीही तेव्हा तुटकपणे वागलो होतो, उगाचच, आणि त्या बिचाऱ्यांनी ते चालवून घेतलं होतं. "मग तेव्हाच सांगायचंस ना मला. कान धरून सांगायचंस."

"तुला त्याच्या महिनाभर आधीच नोकरी लागली होती," ताई म्हणाली. "मोजायची. आई येईल त्याला सांगत होती, आमचा मोजण्यात इतका पक्का, की विद्यापीठाने बोलावून घेतलं. त्या माणसाला येऊन काय सांगू, की बाबा रे, तुला मोजता येत नाही? तू सोडली असतीस नोकरी. तुझा स्वभाव मला माहीत नाही का." ती उठली, कपाटाचं दार नीट लागलं आहे का ते पाहिलं. तिच्या पाठीला आता थोडा बाक आला आहे, तो मी आजवर पाहिला नव्हता.

मी तिला उरलेलं गणित सांगितलं. ते एकेचाळीस धरले तर एक पूर्णांक चाळीस, वगळले तर पुन्हा एकाच्या खाली. ती विचारात पडेल, नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. माझ्या मनात तर तिचा नकार आणि त्यावरचं माझं समजावणं, दोन्ही तयार होतं.

"यंत्राला कळतं का, कोण कशासाठी नाव घेतंय?"

"नाही."

"नियमात ते वगळायचं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग घे की धरून. एकतीस वर्षं त्यांची बोलणी खाल्ली, आता त्यांच्यामुळे दोन वर्षं मिळत असतील तर मी नको कशाला म्हणू? मला दोनशे नव्वद तुकडे संपवायचेत, मान मिळवायचा नाहीये." आणि मी दाराशी पोचल्यावर म्हणाली, "पण तुझं नाव यात आणू नकोस. झाकली मूठ आहे, राहू दे."

रात्रीची झोप नेहमीसारखी लागली, याचं मला सकाळी नवल वाटलं. ऑफिसात गेलो आणि दुरुस्तीचा अर्ज भरायला घेतला. पहिल्या चौकटीत उमेदवाराशी नातं: धाकटा भाऊ. दुसऱ्या चौकटीत दुरुस्तीचं कारण: जर्नलवरून विषय ठरवण्याचा नियम सदोष आहे, तो नियम मी लिहिला आहे. तिसरी चौकट 'इतर माहिती'ची असते. तीस वर्षांत ती भरलेली मी एकदाही पाहिली नाही. तिच्यावर पेन टेकवलं. ताईने नको म्हटलं होतं. तिचं ऐकण्याची मला लहानपणापासून सवय आहे, आणि या बाबतीत ऐकणं सोयीचंही होतं. सोयीचं होतं म्हणूनच ते मला करवेना. मी लिहिलं, की उमेदवाराच्या दुसऱ्या लेखातील बारा तुकड्यांची मोजणी उमेदवाराने केलेली नाही, ती मी केली. भिंग मी बदलले व त्याची नोंद केली नाही. त्या लेखाचे सर्व एकेचाळीस उल्लेख या चुकीसंबंधी आहेत. तेव्हा ते कसे धरावेत हे समितीने ठरवावे. शेवटचं वाक्य लिहिल्यावर थांबलो. त्या वाक्याने तिची दोन वर्षं जाऊ शकत होती. मी ते खोडलं नाही. माझ्या हातून एकदा तिचं नुकसान झालं होतं, आणि दुसऱ्यांदा मी ते डोळे उघडे ठेवून करत होतो कदाचित.

आमच्या प्रमुखबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "नातं कळवलंत ते बरं केलं. नियमाचंही पटतं मला, सगळ्या दोनशे बारा जणांचं परत मोजावं लागेल, पण पटतं. हे तिसरं कशाला, सर? गुणांशी त्याचा काय संबंध?"

"काही नाही."

"मग काढून टाका. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुमच्या मोजणीवर उद्या कोणीही बोट ठेवेल. आणि त्या बाईंचंही नुकसान होईल."

"होऊ शकतं," मी म्हणालो. "पण राहू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सही केली. मला त्या फेरीच्या मोजणीतून बाजूला केलं आणि जुन्या फायलींच्या खोलीत टेबल दिलं. रीतच आहे तशी. तीन आठवडे मी धूळ झटकत बसलो. रविवारी ताईकडे गेलो, कोडं सोडवलं, जेवलो, आणि तिसऱ्या चौकटीचं तिला सांगितलं नाही. तिने मला न सांगण्यात एकतीस वर्षं काढली होती, मला तीन आठवडे जड गेले. भात वाढताना ती सहज म्हणाली, की दोनशे नव्वदांतले चार झाले. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

निकाल मंगळवारी लागला. समितीने लिहिलं होतं, की उल्लेखाचा हेतू तपासण्याची तरतूद नियमांत नाही, सबब सर्व उल्लेख धरण्यात येत आहेत. क्रमांक एकशे अठरा, एक पूर्णांक चाळीस, मुदतवाढ दोन वर्षे मंजूर. आणि रीतीप्रमाणे अर्जाची प्रत, तिन्ही चौकटींसह, उमेदवाराला पाठवण्यात आली होती. साडेबाराला फायलींच्या खोलीतला फोन वाजला.

"मिळाली रे दोन वर्षं," ताई म्हणाली.

"कळलं."

"सोबतचे कागदही मिळाले." तिच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती. "नको म्हटलं होतं तुला."

"हो."

"हे वाक्य लिहिलंस, समितीने ठरवावं म्हणून. माझं सगळं गेलं असतं."

"माहीत होतं मला."

"तरी लिहिलंस." तिचा आवाज जरा ओला झाला होता आणि तिने तो लपवला नाही. "एकेचाळीस जणांनी लिहिलं लेख चुकला म्हणून. कोणामुळे चुकला, ते लिहिणारा तू पहिलाच. बेचाळिसावा उल्लेख आहे हा माझा. धरता येतो का रे?"

मी खरं तेच सांगितलं. "जर्नलमध्ये छापून आलेला नाही, ताई. नियमाने नाही धरता येत."

"मी धरला," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.